तिसऱ्या बटणाखालची फुली

गेल्या गणपतीत मुलगी आणि जावई पुण्याहून आले होते. दोघंही पस्तिशीच्या पुढची, चांगल्या नोकरीतली, आणि दोघांनाही व्हिडिओ गेमचं वेड. दोन हातांत धरायचा तो कंट्रोलर त्यांनी सोबत आणला होता. त्याच्या उजव्या अंगाला चार बटणं, बटणांवर चार खुणा: गोल, चौकोन, त्रिकोण आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा. जावई म्हणत होते, "क्रॉस दाब, क्रॉस." मुलगी म्हणत होती की त्याला एक्स म्हणतात, सगळं जग एक्स म्हणतं. वाद इतका रंगला की पडद्यावरचा माणूस कड्यावरून खाली गेला तरी दोघांचं लक्ष नव्हतं. शेवटी मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुमचा तर हाच धंदा होता. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. चहा ठेवतो म्हणून आत निघून गेलो.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. या एका खुणेच्या नावावरून मी नागपुरात एका माणसाची भाकरी घालवली आहे, आणि भाकरीपेक्षाही मोठं काहीतरी घालवलं आहे. ते चहाचा कप हातात घेऊन सांगण्यासारखं नव्हतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून तेच लिहितो आहे.

माझं शिक्षण आयटीआयचं. इंदोऱ्यातल्या आमच्या वस्तीत रेडिओ उघडून परत बंद करता येणारा मी पहिला. उघडणारे बरेच होते. पुढे रेडिओचे टीव्ही झाले, आणि ऐंशीच्या दशकात टीव्हीच्या पोटात खेळ शिरले. जरीपटक्याच्या बाजारात एका सेठजींनी व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. त्यांचं नाव इथे नुसतं सेठजीच ठेवतो. लांबट गाळा, दोन्ही भिंतींना मिळून सहा मशिनी, आणि मध्ये इतकीच जागा की दोन लठ्ठ गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला बाहेर जावं लागे. मशिनींची सगळी देखभाल माझ्याकडे. मी आठवड्यातून दोनदा सकाळी जाई आणि एरवी निरोप आला की सायकल काढी.

ज्यांनी ही मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्लायवुडचं माणसाएवढं कपाट. वरच्या भागात टीव्हीची काच, कमरेच्या उंचीला एक तिरपी फळी. फळीवर डाव्या हाताला एक दांडा आणि उजव्या हाताला बटणं. गल्ल्यावर पैसे देऊन पितळी टोकन घ्यायचं, ते फटीत टाकायचं की खेळ सुरू. आत एक मोठी पाटी, म्हणजे सर्किट. ती मुंबईहून यायची आणि तिच्यात बिघाड झाला तर आम्ही हात जोडायचो. पण पाटी क्वचित बिघडे. बिघडत ती बटणं. बटण म्हणजे वर प्लास्टिकची टोपी, खाली स्प्रिंग, त्याखाली तांब्याच्या दोन पट्ट्या. दाबलं की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि पडद्यावर गोळी सुटते. एवढंच. पण दुकानाच्या दारात आलुबोंड्याची गाडी होती. लोक तर्रीत बुडवलेला आलुबोंडा खात आणि तीच बोटं पँटला पुसून आत येत. ते तेल टोप्यांच्या कडेने खाली झिरपे, पट्ट्या काळ्या पडत आणि गोळी सुटेनाशी होई. माझा निम्मा संसार त्या तर्रीवर चालला असं म्हटलं तरी चालेल.

मशिनी आल्या तेव्हा बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. तीन महिन्यांत ती पुसली गेली. मग मी स्वतः ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घेऊन बसलो आणि चारही बटणांवर खुणा काढल्या. डावीकडून गोल, चौकोन, त्रिकोण आणि फुली. कुणाला इंग्रजी येवो न येवो, मराठी, हिंदी, सिंधी काहीही बोलो, खूण सगळ्यांना कळते, तिला नाव लागत नाही, असा माझा विचार. मला त्याचा फार अभिमान होता. आजच्या कंट्रोलरवरच्या खुणा आमच्यावरून घेतल्या असा दावा मी करत नाही. तो दावा माझी मुलगी करते.

पहिला घोटाळा त्रिकोणाचा झाला. माझ्याकडे लाल रंग उरला होता म्हणून त्रिकोण लाल काढला, आणि हात चुकून तो उलटा निघाला. लाल उलटा त्रिकोण म्हणजे त्या काळी भिंतीभिंतीवर असलेली कुटुंबनियोजनाची खूण. लकडगंजात लाकडाची वखार असलेले एक व्यापारी दुपारी गुपचूप खेळायला येत, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून. ते ते बटण दाबेनात. दाबलं तर काय होईल, असं हसत हसत विचारत. मी तो त्रिकोण सुलटा आणि हिरवा केला.

फुलीचा घोटाळा मात्र तसा मिटला नाही, कारण ज्याला त्याला तिचं नाव आधीच माहीत होतं. सेठजी म्हणत काटा. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यातले कंपाउंडर जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत येत, ते म्हणत क्रॉस. एक निवृत्त गणिताचे मास्तर येत, खेळायला नाही, नुसते बघायला. ते म्हणत, "गुणिले." कॉलेजची पोरं एक्स म्हणत. शेजारचा टेलर कैची म्हणे. एकदा मास्तर आणि कंपाउंडर यांची या विषयावर अशी जुंपली की सेठजींनी दोघांना एकेक टोकन फुकट देऊन गप्प केलं, आणि मास्तर त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खेळले. पहिल्याच मिनिटाला मेले आणि "हे गुणिले चालत नाही" म्हणाले. खरं तर त्यांनी दाबलंच नव्हतं.

गल्ल्यावर देविदासभाऊ बसत. ही गोष्ट त्यांची आहे.

देविदासभाऊ तेव्हा पंचावन्नच्या घरात होते, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. इथल्या एका कापडगिरणीत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती, शेवटची बरीच फोल्डिंग खात्यात तपासनीस म्हणून. तिथलं काम त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. विणलेलं थान उताराच्या टेबलावरून सरकत येतं, तपासनीस समोर उभा. धागा तुटलेला, गाठ आलेली, तेलाचा डाग पडलेला दिसला की त्या जागेच्या सरळ रेषेत, कापडाच्या काठावर खडूने फुली मारायची. पुढचा माणूस कापड बघत नाही, काठावरची फुली बघतो आणि तिथे कापतो. फुली चुकली तर चांगलं कापड कापलं जातं, राहिली तर खोट बाजारात जाते. विणकर येऊन भांडत, जॉबर म्हणजे खात्याचे मुकादम येऊन दम देत, पण तपासनिसाची फुली कुणी पुसायची नाही असा तिथला रिवाज. एकदा मारली की मारली.

गिरणीचं रडगाणं सुरू झालं आणि देविदासभाऊ घरी बसले. सेठजींच्या ओळखीने इथे आले. टोकन देणं, गर्दी आवरणं आणि तक्रारवही लिहिणं हे त्यांचं काम. वही सेठजींनीच ठेवली होती, मी आलो की ती वाचायची, दुरुस्ती करायची आणि शेजारी "ठीक" लिहून सही करायची. देविदासभाऊंचं अक्षर सुरेख होतं. तक्रारीखाली ते नुसतं "दे." लिहीत.

त्यांची आणखी एक सवय होती. रोज सकाळी दुकान उघडलं की सहाही मशिनींसमोर ते क्रमाने उभे राहत, प्रत्येकीत एक टोकन टाकत आणि एकेक बटण दाबून बघत. खेळत नसत. चेहऱ्यावर काहीही न आणता दाबत, बघत, पुढे जात. मी एकदा थट्टेने म्हटलं की भाऊ, कापड तपासून राहिले का. ते म्हणाले, "हाओ. माल आहे ना गा हा बी." बरेच बिघाड गिऱ्हाइकांआधी त्यांनाच सापडत.

आता वहीचा प्रश्न. देविदासभाऊ लिहीत "फुली अडकते." ते रजेवर असले की सेठजी लिहीत "काटा ढीला." सेठजींचा पुतण्या बसला की "एक्स खराब." मला सगळं कळत होतं, पण सेठजी शिस्तीचे. एका वस्तूला एकच नाव पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मशिनींची मोठी धुलाई आम्ही वर्षातून दोनदा करायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा. त्या उन्हाळी धुलाईच्या दिवशी सेठजींनी हा प्रश्न काढला.

धुलाई अशी असे. फळी स्क्रू काढून मशीनपासून सोडवायची, मागच्या अंगणात नळाशी न्यायची, पालथी घालून खालचे नट काढायचे. बटणं मोकळी होतात. टोप्या साबणाने धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि परत बसवायच्या. बसवताना फळी कडेवर उभी धरावी लागते. डाव्या हाताने पलीकडून बटण भोकात घालायचं, उजव्या हाताने अलीकडून नट आवळायचा. म्हणजे आपल्याला फळीची पाठ दिसत असते आणि डावं उजवं उलटं होतं. हे मला पाठ होतं. घाई नसली आणि तोंड बंद असलं तर चूक होत नाही.

त्या दिवशी माझं तोंड बंद नव्हतं. पहिल्या मशीनच्या फळीवर गोल आणि चौकोन बसवून झाले होते. सेठजी खुर्ची घेऊन अंगणात बसले, कंपाउंडर उभे राहिले, मास्तर आलेच, आणि मला, म्हणजे खुणा काढणाऱ्यालाच, निवाडा करायला सांगितलं. मला कुणी निवाडा विचारण्याचे प्रसंग आयुष्यात फार आले नव्हते. मी एका हातात फुलीची टोपी घेतली, दुसऱ्या हातात त्रिकोणाची, आणि भाषण दिलं. त्रिकोणाला कसे तीन कोन असतात आणि म्हणून वाद होत नाही, या दुसऱ्या खुणेला मात्र कोन आहेत की नाहीत इथूनच प्रश्न, वगैरे. मी चांगलं बोललो असं कंपाउंडर म्हणाले, कारण निकाल क्रॉसच्या बाजूने लागला. सेठजींनी काटा सोडून दिला. यापुढे वहीत सगळ्यांनी "क्रॉस" लिहायचं असं ठरलं. मी उरलेली दोन बटणं बसवली आणि पुढच्या फळीकडे वळलो.

देविदासभाऊ दारात उभे राहून ऐकत होते. सेठजींनी विचारलं, काका, समझे ना? ते म्हणाले, "फुलीले फुलीच म्हणतेत." आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वहीत होतं: "मशीन एक. फुली चालत नाही. दे."

सेठजींनी ते वाचलं आणि त्यांना पहिल्यांदा जे दिसलं ते बिघाड नव्हे, "फुली". ते हसले. काका रूठ गए, म्हणाले. मी आलो, मशीनचा मागचा दरवाजा उघडला. मागे तारांना मी लहान चिठ्ठ्या बांधल्या होत्या, प्रत्येकीवर तीच खूण. फुलीची तार शोधली, सांधा हलवून बघितला, पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. हात पुढे घालून शेवटचं बटण दाबलं, मीटरचा काटा हलला. फुली शेवटची, हे माझ्या हाताला पाठ होतं. "ठीक" लिहिलं, सही केली.

चार दिवसांनी परत. "मशीन एक. फुली अजून चालत नाही. दे." मी परत तेच केलं, परत "ठीक". त्या खेळात तिसरं बटण मोठ्या बाँबचं होतं. तो बाँब फार वरच्या टप्प्यावर मिळे, तिथवर पोचणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. त्यामुळे बाकी कुणाची तक्रार नव्हती. आणि खेळणारा माणूस बटणाकडे कधी बघत नाही, त्याची नजर काचेवर असते. बटणाकडे बघणारा दुकानात एकच माणूस होता.

मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. मला वाटलं, हा माणूस माझ्या निवाड्यावर रुसला आहे आणि माझ्याच मशीनला नावं ठेवून सूड घेतो आहे. त्यांच्याशी मी बोललोही ते नावावरूनच. भाऊ, तुम्ही क्रॉस लिहा, म्हणजे सेठजी शांत होतील. ते म्हणाले, क्रॉस लिहिलं तर चालू होईल का? मी म्हटलं, चालूच आहे. त्यांनी वही मिटली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला टोकन दिलं. त्या वेळी त्यांनी माझा हात धरून मला मशीनसमोर उभं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा म्हणतो. पण मीही त्यांना "दाखवा" म्हणालो नव्हतो. मिस्त्रीने गल्लेवाल्याला दाखवा म्हणायचं म्हणजे काय.

तिसऱ्या खेपेला वहीत तक्रार होतीच, शिवाय मशीन एकच्या फळीच्या लाकडी काठावर पांढऱ्या खडूने एक फुली होती. नीट, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या. ताजा पॉलिश केलेला काठ. मी चिडलो. मशीन म्हणजे काही थान नाही असं मोठ्याने म्हणालो, खिशातलं फडकं काढलं आणि ती पुसून टाकली. त्या खुणेच्या सरळ रेषेत वर कोणतं बटण आहे हे मी पाहिलं नाही. पुसताना माझी बोटं त्या बटणापासून चार इंचांवर होती.

देविदासभाऊ गल्ल्यावरून उठून आले. आवाज चढवला नाही. "मिस्तरी, सत्तावीस वर्सात माही फुली कोणी पुसली नव्हती."

मी म्हटलं, तिथे खोट असेल भाऊ, इथे नाही, आणि वहीत तिसऱ्यांदा "ठीक" लिहिलं.

दुपारी सेठजींनी मला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना रोजची कटकट नको होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "मिस्त्री, सच बोलो. खराबी मशीन में है के आदमी में?"

मी म्हणालो, "मशीन ठीक आहे."

एवढंच म्हणालो. माणसाबद्दल एक शब्द बोललो नाही, असं मी स्वतःला कित्येक दिवस सांगत होतो. त्या शनिवारी सेठजींनी देविदासभाऊंना आता घरी आराम करा म्हणून सांगितलं. मी तिथेच चौथ्या मशीनच्या मागे होतो. त्यांनी डबा घेतला, गल्ल्याच्या खणातून खडूचा तुकडा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. वही सरळ करून ठेवली आणि गेले. जाताना माझ्या मशीनपाशी आले, तेव्हा मी पाठ फिरवून आधीच आवळलेला स्क्रू पुन्हा आवळत होतो.

पुतण्या गल्ल्यावर बसू लागला. त्याला मशीन एकचं काहीच वाटत नव्हतं, कारण तो सकाळी बटणं दाबून बघत नसे. वहीत फुलीची तक्रार येईना. सेठजी मला म्हणाले, देखा? आणि मलाही वाटलं, देखा.

दिवाळीआधीची धुलाई आली. मशीन एकची फळी अंगणात नेली, पालथी घातली, नट काढू लागलो. आधी चिठ्ठ्या बघून तारा सोडवायच्या. त्रिकोणाची चिठ्ठी असलेली तार ओढायच्या आधीच हातात आली. सांधा कधीचा तुटला होता, नुसती टेकून बसली होती. मी ते बटण भोकातून खाली पाडून हातात घेतलं आणि उलटं केलं. त्रिकोणाच्या तारेवरची टोपी फुलीची होती.

मी शेवटचं बटणही काढून बघितलं, त्यावर त्रिकोण होता. मग सगळं एकदम दिसलं. दोन हातांत दोन टोप्या धरून मी भाषण देत होतो, आणि भाषण संपल्यावर त्या अदलाबदल करून बसवल्या होत्या. फुली तिसऱ्या जागी गेली, त्रिकोण शेवटी. आवळताना तिसऱ्याची तारही माझ्याच पान्याने दुखावली असणार. देविदासभाऊ समोर उभे राहून डोळ्यांना दिसत होतं ते लिहीत होते: फुली चालत नाही. मी मागे बसून चिठ्ठी बघत होतो आणि चालते म्हणत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या खुणेला काय म्हणावं यावर आम्ही चार शहाण्यांनी डोकं फोडलं, आणि ती खूण आहे कुठे हे बघितलं एकाच माणसाने. वर त्याने खडूने दाखवूनही दिलं, ती जागा मी फडक्याने पुसली.

तुटलेल्या सांध्याला कथलाचा डाग द्यायला पाच मिनिटं लागली. टोप्या जागच्या जागी बसवल्या. सेठजी अंगणात आले आणि सब ठीक? असं विचारलं. मी म्हणालो, सब ठीक.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, टोपी हातात असताना. पण सेठजींच्या ओळखीने मला आणखी तीन दुकानांची कामं मिळाली होती, आणि मिस्त्रीने स्वतःच चूक करून दुसऱ्यावर ढकलली हे बाजारात पसरायला संध्याकाळ पुरली असती. मी भ्यालो. याला दुसरा शब्द मला सापडला नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर मी देविदासभाऊंच्या घरी गेलो. गिरणीच्या चाळीत दोन खोल्या. ते इतवारीत एका कापडाच्या दुकानात थानं उलगडून दाखवायला जाऊ लागले होते, त्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून घरी सापडले. वहिनींनी पाणी दिलं. मी सोबत काही नेलं नव्हतं, दाखवायला काही नव्हतंही. मी सगळं सांगितलं. धुलाई, भाषण, टोप्या, तार. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. हातातली सुपारी कातरायची थांबवली नाही.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मालकाले सांगतलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग मले काहून सांगून राहिला गा? मले तं माहीत होतं."

ते रागावलेले नव्हते. मला समजावून सांगत असल्यासारखे हळू म्हणाले, "फुली पुसली तं दुकानात सगळ्याईसमोर पुसली. चार लोकाईनं पाह्यलं. आता तुले खोट सापडली तं थे बी चार लोकाईसमोर सांग. इथं सांगून माह्या काय कामाचं?" मग वहिनींना म्हणाले, मिस्तरीले चहा ठेव वं. मी चहा घेतला. जिन्यापर्यंत ते पोचवायला आले, संसाराची चौकशी केली, मुलगी कितवीत आहे विचारलं.

चार लोकांसमोर मी कधी बोललो नाही. उद्या सांगू, परवा सांगू असं करत वर्ष गेलं. मग घरोघरी व्हिडिओ आले, दुकानात गर्दी कमी झाली, सेठजींनी गाळा विकला आणि मुलाकडे इंदूरला गेले. मास्तर वारले. कंपाउंडर कुठे गेले कळलं नाही. सांगायला माणसंच उरली नाहीत, म्हणजे मला हवं होतं तेच झालं. देविदासभाऊही आता नाहीत. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. मागे बसलो.

दुकान आवरताना सेठजी रद्दी काढत होते, त्यातून तक्रारवही मी मागून घेतली होती. गणपतीनंतर मुलगी पुण्याला परत गेल्यावर ती ट्रंकेतून काढली. पानं पिवळी पडली आहेत, पण अक्षर तसंच आहे. मशीन एक. फुली चालत नाही. दे. शेजारी माझं "ठीक" आणि सही. असं तीनदा.

संपादकांना मी विचारलं होतं, अंक किती लोक वाचतात. त्यांनी आकडा सांगितला. चारापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

तर चार लोकांसमोर सांगतो. जरीपटक्याच्या त्या दुकानात मशीन एकची फुली चालत नव्हती. खोट माझ्या हातची होती. देविदासभाऊंची खूण बरोबर जागी होती आणि ती पुसायचा मला अधिकार नव्हता.

हे लिहून झाल्यावर वही उघडली, लाल पेन घेतलं आणि माझ्या तिन्ही "ठीक"वर एकेक फुली मारली. मग मुलीला फोन केला आणि म्हटलं, तू विचारत होतीस ना, त्याला फुली म्हणतात.